शाळेआधीचा दीड तास : तिसरीतल्या मुलीची सोय कशी करावी?

वारज्याची_आई

नमस्कार. माझी मुलगी तिसरीत आहे. ती पहिलीत असताना शाळा सकाळी सातला भरत असे आणि तिला सोडून मी आठच्या आत रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत हजर होत असे. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरले आणि २०२४-२५ पासून आमच्या शाळेचीही वेळ बदलली. मुलांची झोप पुरी व्हावी, हा त्यामागचा हेतू मला मनापासून पटतो. परंतु माझी हजेरी आठचीच राहिली, यजमानांची कंपनीची बस पावणेसातला निघते आणि शाळेचे फाटक पावणेनऊपर्यंत उघडत नाही.

सध्या ती शेजारच्या आजींकडे थांबते. आजी प्रेमाने करतात, पण मुलगी दप्तर पाठीवरून उतरवतच नाही, तशीच सोफ्याच्या कडेवर बसून राहते, कारण दप्तर काढले तर व्हॅन चुकेल असे तिला वाटते. पुढच्या महिन्यात आजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. दुपारी दोन ते साडेसहा ठेवून घ्यायला दोन पाळणाघरे तयार आहेत, सकाळचे मात्र कोणीही घेत नाही. असे का होते आणि यातून मार्ग कसा काढावा?

पाळणाघर_ताई

मी चौदा वर्षे पाळणाघर चालवते, म्हणून नकारामागचे कारण सांगू शकते. सकाळी सातला दार उघडायचे म्हणजे मदतनीस मावशींना साडेसहाला बोलवावे लागते, आणि एकदोन मुलांच्या दीड तासाच्या शुल्कात त्यांचा जास्तीचा पगार निघत नाही. त्यामुळे एकट्याने विचारू नका. तुमच्याच शाळेतल्या, शक्यतो त्याच व्हॅनच्या, चारपाच मुलांच्या पालकांना गाठा आणि एकत्र जाऊन वर्षभराचे बोलणे करा. माझ्याकडे सकाळची तुकडी अशीच सुरू झाली.

दुपारची जागा ठरवतानाही घाई करू नका, ताई. बहुतेक पाळणाघरांत दोन ते चार ही लहानग्यांची झोपेची वेळ असते. आठ वर्षांचे मूल त्या वेळी झोपत नाही आणि झोपलेल्या बाळांमध्ये त्याला दोन तास गप्प बसवणे ही शिक्षाच ठरते, म्हणून मोठ्या मुलांसाठी वेगळी खोली, निदान गॅलरी किंवा अंगण आहे का, हे दुपारी तीन वाजता प्रत्यक्ष जाऊन पाहा. मुले शाळेतून येतात ती भुकेने चिडलेली असतात. माझ्याकडे दप्तर कोपऱ्यात, हातपाय धुणे, गरम वरणभात, मग अर्धा तास काहीच नाही, आणि गृहपाठ चारनंतर, असा क्रम आहे. आल्या आल्या वह्या उघडायला लावणारी जागा पालकांना आवडते, पण मुलांना ती नकोशी होते.

एडिसनकर

आम्ही न्यू जर्सीत राहतो. येथे पुष्कळ प्राथमिक शाळांच्या इमारतीतच शाळेआधी आणि शाळेनंतर मुले सांभाळण्याची सशुल्क सोय असते. आमच्या शाळेत ती सकाळी सातला उघडते आणि मुले शाळेच्याच भोजनगृहात बसतात. रोज नेण्या-आणण्याची वेळ लिहून सही करावी लागते, आणि यादीत नाव नसेल तर सख्ख्या आजोबांच्याही हाती मूल देत नाहीत. गेल्या वर्षी माझे वडील भारतातून आले असताना त्यांना ओळखपत्र घेऊन यायला परत पाठवले होते. तेव्हा वडिलांना वाईट वाटले, मला मात्र निर्धास्त वाटले. शुल्क जड आहे आणि संध्याकाळी उशीर झाल्यास वेगळा दंडही आहे, पण मूल इमारतीबाहेर पडतच नाही, हा फार मोठा दिलासा आहे.

दोन_मुलांचा_बाबा

हाच मुद्दा मला इथे लागू करावासा वाटतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, पण केंद्राची पाळणा योजना ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि कार्यालयांतली पाळणाघरेही बहुधा त्याच वयापुरती असतात. पहिली ते चौथीचे मूल या सगळ्यातून निसटते. त्यामुळे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत लेखी मागणी करा की फाटक साडेसातला उघडावे, एका वर्गात एक शिक्षिका किंवा सेविका थांबावी आणि त्याचा खर्च पालकांनी वाटून घ्यावा.

आणि मूल कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जाते, ते कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे एकदा शाळा अचानक अकराला सुटली, निरोप व्हॉट्सॲपच्या गटावर आला आणि मी बैठकीत होतो. व्हॅनकाकांना वाटले मी येईन, पाळणाघराला वाटले आज सुट्टी आहे. माझा मुलगा पाऊण तास पहारेकऱ्याजवळ उभा होता. तेव्हापासून शाळा लवकर सुटली की व्हॅनकाका आधी पाळणाघराला फोन करतात आणि मूल दारात उतरले की तिथल्या मावशी मला कळवतात.

वारज्याची_आई

सर्वांचे मनापासून आभार. काल व्हॅनकाकांना विचारले, तेव्हा त्याच मार्गावरच्या आणखी तीन मुलांच्या घरी हीच अडचण असल्याचे कळले. शनिवारी आम्ही चौघी मिळून पाळणाघरात जाणार आहोत, तेही दुपारी तीन वाजताच. फाटकाच्या मागणीचा अर्ज मी आजच लिहायला घेते.