मदत हवी आहे: कुटुंबासह कुऱ्हाडफेक करावी का?

नमस्कार. आम्ही नागपूरचे पाच जण दिवाळीच्या सुट्टीत टोरांटोला धाकट्या दिरांकडे जाणार असून, त्यांनी तेथे सर्वांसाठी कुऱ्हाडफेकीचा एक तास ठरवला आहे. सुमारे 12 फुटांवरून फेकलेली कुऱ्हाड हवेत एक पूर्ण गिरकी घेऊन पात्यानेच लाकडी फळीत रुतावी लागते, हे वाचल्यापासून आमच्या 13 वर्षांच्या चिरंजीवांनी अंगणात खडूने रेघ ओढून लाटण्याने सराव आरंभला आहे (तुळशीवृंदावनाचा एक टवका उडालाच). सासूबाईंचा उजवा खांदा दुखरा आहे. दोन्ही हातांनी फेकणे त्यांना झेपेल का? मुलांना हलकी कुऱ्हाड मिळते का, आणि फळीवरून उसळून परत येणाऱ्या कुऱ्हाडीपासून इतरांनी किती मागे उभे राहावे? ज्यांनी स्वतः फेकून पाहिली आहे, त्यांनी कृपया कळवावे.