आत्याचा कॉम्प्युटर: नवा घ्यायचा की आहे तोच नीट करायचा?

आत्या: सगळ्यांना एक विचारायचंय. माझा कॉम्प्युटर आता अगदी रडतखडत चालतो. बटण दाबून अंघोळ करून आले तरी गोल फिरतंच असतं. वर्डची फाइल उघडायला दोन-तीन मिनिटं. माझं काम म्हणजे भाषांतराचं टायपिंग, ईमेल, बँक, एवढंच. नवा घेण्याइतके पैसे या वर्षी नाहीत. थोड्याशा खर्चात काही होईल का?

काका: अगं, दहा-अकरा वर्षं झाली की त्याला! जुन्यात पैसे घालू नकोस, थोडी थांब आणि नवाच घे. अगदीच नड असेल तर ग्राफिक्स कार्ड टाक. त्याने स्पीड वाढतो म्हणतात.

दादा: काका, ग्राफिक्स कार्ड गेम आणि व्हिडिओ एडिटिंगसाठी. टायपिंगला त्याचा काही उपयोग नाही.
आत्या, आत्ताच काही विकत घेऊ नकोस. कॉम्प्युटर चालू झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. सीपीयू, मेमरी आणि डिस्क तिन्हींचे फोटो पाठव. पंधरा मिनिटांनी परत एकदा.

आत्या: पाठवलेत बघ.

दादा: बघितले. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ११ टक्के, म्हणजे तो नुसता बसून आहे. डिस्क १०० टक्के, आणि पंधरा मिनिटांनीही १००च! मेमरी ४ जीबीपैकी ३.४ भरलेली. दुखणं इथेच आहे.
तुझा प्रोसेसर कोअर आय५-४४६०, २०१४ सालचा. लिहिण्यावाचण्याच्या कामाला तो आजही पुरतो. अडकलीय ती हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि वाचणारी सुई दर वेळी जागा शोधत फिरते. एकेका शोधाला साधारण १० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला शंभरेक शोध. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली वाचतं, म्हणून तुझी अंघोळ होते. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, तोच शोध ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतो.

काका: मग ती लांबट पट्टीवाली एसएसडी घ्यायची ना? माझ्या लॅपटॉपात आहे, फार वेगवान आहे.

दादा: नाही काका. तिचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिथे बसतात तो मुख्य बोर्ड, एच८१ आहे, त्यावर ती पट्टी बसायला जागाच नाही. २.५ इंची साटा, म्हणजे केबलने जोडायची, एसएसडी घ्यायची. सेकंदाला ५५० एमबीपर्यंत वाचते, आत्ताची डिस्क फार तर १५०. फक्त केबल ६ गिगाबिटच्या पोर्टला लावायची, या बोर्डांवर काही पोर्ट ३ चेही असतात. २४० जीबी आत्याला पुष्कळ झाली.

वहिनी: आत्या, डिस्कमधून कसला आवाज येतो का हो?

आत्या: हो गं, महिनाभर कटकट असा येतोय. मला वाटलं पंख्यात धूळ गेली असेल.

दादा: आत्या, मग बाकी सगळं राहू दे. आज रात्री दुसरं काही करू नकोस, फक्त फाइली कॉपी कर. आधी भाषांतरं, मग फोटो. मोठा पेन ड्राइव्ह घे, आणि भाषांतरांची एक प्रत ऑनलाइनही ठेव. माझी डिस्क अशीच आवाज करत होती. मी "रविवारी बघू" म्हणालो आणि शुक्रवारी ती गेली. बाळाचे पहिल्या वर्षाचे फोटो परत मिळाले नाहीत. तुझं नऊ वर्षांचं काम आहे त्यात.

आत्या: बाप रे. लगेच बसते.

काका: आणि विंडोज? माझ्या ऐकण्यात आलं की दहा बंद झालं.

दादा: बरोबर ऐकलंत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, पण त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ साठी लागणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत हा आय५ बसत नाही, टीपीएम २.० या सुरक्षा चिपचीही अट आहे. खटपट करून घालता येतं, पण ज्यावर बँकेचं काम होतं त्यावर मी ते करणार नाही.
माझं मत, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकावी. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पैसे पडत नाहीत, इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टायपिंग होतं. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, विंडोजला हात लागत नाही. प्रिंटर चालतो का आणि वर्डच्या फाइली त्यातल्या लिबरऑफिसात (वर्डसारखाच प्रोग्रॅम) नीट दिसतात का, एवढं आत्याने स्वतः बघावं. नाही पटलं तर नोंदणी करून विंडोज १०, म्हणजे विचाराला वेळ मिळेल.

वहिनी: रॅमचं, म्हणजे मेमरीचं, सांगायचं राहिलं. मेमरी भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर टाकतं, आधीच थकलेल्या डिस्कवर आणखी ओझं. आत्या, फोटोत २ पैकी १ स्लॉट वापरात दिसतोय, म्हणजे आहे ती न काढता आणखी एक ४ जीबीची बसेल. डीडीआर३ प्रकारची, १६०० स्पीडची, डेस्कटॉपचीच मागा. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. पैसे अपुरे पडले तर आधी एसएसडी, रॅम नंतर.

आत्या: लिहून घेतलं. अजून एक, बँकेची साइट अधूनमधून "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणते.

वहिनी: तेव्हा खाली कोपऱ्यात तारीख काय असते?

आत्या: अगंबाई! २०१४ दाखवतंय. मी कधी बघितलंच नाही.

वहिनी: कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा बोर्डावरचा बटण सेल संपलाय. सीआर२०३२. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र जुळत नाही, म्हणून ते वाक्य येतं. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे ही.

दादा: वा! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काका: मी ग्राफिक्स कार्डाचं मागे घेतो. पण मग नवा कधी घ्यायचा?

दादा: बोर्ड किंवा पॉवर सप्लाय गेला तर. त्या दिवशी त्यात एक पैसाही घालायचा नाही. एसएसडी मात्र काढून नव्या मशीनला लावता येईल. म्हणूनच प्रोसेसर बदलू नका म्हणतो, या बोर्डावर पुढच्या पिढ्यांचे प्रोसेसर बसत नाहीत, ते पैसे तिथेच अडकतील.

(दुसऱ्या दिवशी सकाळी)

आत्या: रात्री दीडपर्यंत बसले. भाषांतरं सगळी आली. फोटोंच्या एका फोल्डरवर अडकलं होतं, परत लावलं तेव्हा झालं.

दादा: पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइली उघडून बघितल्यास का?

आत्या: शेजारी जाऊन बघितल्या. २०१७ चं पहिलं भाषांतरसुद्धा उघडलं.

दादा: मग आता तो बंदच ठेव. जुनी डिस्क परत वापरायची नाही, एसएसडीवर सगळं नव्याने टाकू. शनिवारी येतो. सेल आणि एसएसडीची केबल मी आणतो.