लहान शहरात राहायला जातोय: बाहेर खाण्याची आणि विरंगुळ्याची ठिकाणं शोधायची कशी?

नमस्कार,

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही मोठं शहर सोडून एका लहान शहरात राहायला जातोय. घराचं आणि शाळेचं जमलं आहे, अडलंय ते संध्याकाळचं. तिथे ओळखीचं कुणी नाही. मी घरून काम करते, नवरा उशिरा येणार, मुलगी चौदा वर्षांची आहे. "सुट्टीच्या दिवशी तिथे करायचं काय?" असं ती रोज विचारते आणि मला धड उत्तर देता येत नाही.

शहराचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ठिकाणांची यादी नकोय, नवख्या माणसाने ती शोधावीत कशी हे हवंय.

आधी खाण्याचं. ऑनलाइन नकाशे पाहिले, पण लहान शहरात त्यांच्यावर कितपत विसंबावं कळत नाही. एखाद्या हॉटेलला पैकीच्या पैकी तारे असतात आणि अभिप्राय मोजून चार. उलट ज्या जुन्या ठिकाणी बसायला जागा मिळत नाही, त्याची नोंदही नसते, कारण तिथे नेहमी येणाऱ्यांना नकाशा लागतच नाही. मला वाटतं, नाइलाजाने रोज बाहेर जेवणाऱ्यांना विचारावं: औषध कंपन्यांचे फिरते प्रतिनिधी, वसतिगृहातली मुलं, बदलीवर एकटे राहणारे कर्मचारी, रात्रपाळीच्या नर्स. चव, स्वच्छता आणि स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं, हे त्यांना नक्की ठाऊक असणार. कुणी असं विचारून पाहिलंय का?

सगळं तिथे मिळावं अशी अपेक्षा नाही. वॉल्टर ख्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्येच मांडलं होतं की कुठल्याही सेवेला तग धरायला किमान काही गिऱ्हाईक लागतं, आणि तेवढं जमत नाही तिथे ती सेवा उभी राहत नाही. त्यामुळे वेगळ्या धाटणीचं जेवण किंवा मोठे कार्यक्रम यांसाठी अधूनमधून जवळच्या मोठ्या शहरात जाऊ. मला रोजच्या संध्याकाळची जास्त काळजी आहे.

जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाचा २०१८ मधला अभ्यास वाचला. नुसती ओळख साध्या मैत्रीपर्यंत यायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जवळच्या मैत्रीला २००हून अधिक, असा त्याचा अंदाज. म्हणजे वर्षातून एकदा होणारा महोत्सव कितीही चांगला असला तरी त्यातून माणसं जोडली जाणं कठीण. दर आठवड्याला तीच माणसं भेटतील असं काहीतरी हवं: नाटकाच्या तालमी, गाण्याचा वर्ग, बॅडमिंटन, वाचनगट, टेकडीवर जाणारी मंडळी. असे गट जाहिरात करत नाहीत आणि बाहेरून पाहिलं की सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत असल्यासारखे वाटतात. तुम्ही आत कसे शिरलात? थेट जाऊन उभं राहावं, की कुणाची ओळख काढावी? नाट्यगृहाच्या किंवा वाचनालयाच्या फलकावर खरंच काही कळतं का?

सगळ्यात अवघड मुलीचं आहे. चौदा वर्षं म्हणजे बागेतल्या घसरगुंडीचं वय गेलेलं आणि रात्रीच्या कार्यक्रमाला एकटीने जायचं वय अजून न आलेलं. इथे ती मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये नुसती भटकते, काही विकत न घेता. तिथे मॉल नाही. दोन तास निवांत बसता येईल, सारखं काही मागवावं लागणार नाही आणि चालत किंवा सायकलने एकटीला जाता येईल, अशी जागा तिला हवी. आईने लावलेला शिकवणीसारखा छंदवर्ग तिला नको आहे आणि तिचं म्हणणं मला पटतं. या वयाच्या मुलांना घेऊन लहान शहरात गेलेल्या पालकांनी जरूर लिहा. मुलं कुठे रमली? शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस कसे काढले?

आणखी एक. पहिल्या महिन्यात भराभर सगळीकडे जाऊन पाहावं, की दोन-तीन ठिकाणं धरून तिथेच पुन्हा पुन्हा जावं? माझा कल दुसऱ्याकडे आहे, नवऱ्याचा पहिल्याकडे. जे करून फायदा झाला नाही तेही सांगा, आमचा तेवढा वेळ वाचेल.