कोरफडीचा गर रोज पोटात घ्यावा का?

दुधनाकाठ (परभणी):
नमस्कार. आमच्या अंगणातील कोरफडीला यंदा इतकी पिल्ले फुटली आहेत की शेजारी वाटूनही ती संपत नाहीत. तिचा उपयोग कसा करावा याविषयी मात्र प्रत्येकाचा सल्ला वेगळा आहे. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब या दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत, आणि त्यांच्या भजनी मंडळातील काही जणी रोज सकाळी अनशापोटी अख्खे पान मिक्सरमधून काढून पितात, म्हणून त्यांनाही तेच सुरू करायचे आहे. मुलगी कॉलेजात आहे, ती पान तोडून थेट चेहऱ्यावर चोळते. परवा तिच्या गालावर लाल चट्टे उठले. कोरफडीची भाजी होते असेही ऐकले आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

खलबत्ता (छत्रपती संभाजीनगर):
ताई, मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो आहे, तेव्हा पोटात घेण्याच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कोरफडीच्या एकाच पानात दोन अगदी वेगळे पदार्थ असतात आणि बहुतेक घोटाळा ते एकत्र केल्यामुळे होतो. हिरव्या सालीच्या लगेच खाली पिवळसर, अत्यंत कडू चीक असतो, तर त्याच्या आत पारदर्शक, बुळबुळीत गर असतो. गरामध्ये सुमारे ९९ टक्के पाणी असते आणि उरलेल्या भागात प्रामुख्याने ॲसेमॅननसारख्या बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, असतात. चिकात ॲलोइन नावाचे द्रव्य असते व ते तीव्र रेचक आहे. हाच चीक आटवून वाळवला की काळा बोळ तयार होतो, जो आपल्याकडील काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. भावप्रकाश निघंटू या आयुर्वेदातील ग्रंथातही कुमारीला, म्हणजे कोरफडीला, भेदनी, म्हणजे मळ फोडून बाहेर काढणारी, म्हटले आहे.

मोठ्या आतड्यातील जिवाणू ॲलोइनचे रूपांतर करतात, मग आतड्याची हालचाल वाढते आणि पाणी शोषले जाण्याचे प्रमाण घटते. अख्खे पान वाटून पिणाऱ्यांना ‘पोट छान साफ होते’ असे वाटते त्यामागे हेच कारण आहे. त्यात शरीरातील विष वगैरे काही बाहेर पडत नाही. असे दीर्घकाळ चालू राहिले तर शरीरातील पोटॅशियम कमी होते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर ही कमतरता धोकादायक ठरू शकते. शिवाय मधुमेहाच्या गोळ्यांसोबत कोरफड पोटात घेतल्यास साखर अपेक्षेपेक्षा खाली जाण्याची शक्यता असते. त्यामुळे सासूबाईंनी हा प्रयोग डॉक्टरांना सर्व गोळ्या दाखवल्याशिवाय सुरू करू नये, आणि अख्ख्या पानाचा रस तर मुळीच घेऊ नये. गर्भवतींनीही तो टाळावा, कारण चिकामुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते.

अमेरिकेत कोरफडीच्या चिकाची रेचके पूर्वी चिठ्ठीशिवाय मिळत असत, परंतु सुरक्षिततेची पुरेशी माहिती उत्पादकांनी न दिल्यामुळे २००२ मध्ये तेथील औषध प्रशासनाने ती विक्री थांबवली. चीक न काढलेला अख्ख्या पानाचा अर्क पाण्यातून दिलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात गाठी आढळल्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्या अर्काची नोंद ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात केली. हे निष्कर्ष स्वच्छ धुतलेल्या गराला लागू करून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण भजनी मंडळातील मैत्रिणींना मिक्सरमध्ये साल टाकू नका एवढे जरूर सांगावे.

मारवाडगल्ली (जालना):
आमचे घराणे मूळचे राजस्थानातील शेखावाटीचे, आणि आमच्याकडे ग्वारपाठ्याची, म्हणजे कोरफडीची, भाजी नेहमी होते. कडूपणा काढणे हीच यातील खरी कला आहे. झुडपाच्या बाहेरच्या बाजूचे, जून आणि जाड पान बुडापासून कापावे व कापलेली बाजू खाली करून भांड्यात पंधरा-वीस मिनिटे उभे ठेवावे. पिवळा चीक आपोआप निथळून जातो. नंतर पान धुऊन दोन्ही कडांचे काटे काढावेत, वरची-खालची साल हिरवटपणा राहणार नाही इतकी जाड सोलावी आणि गराचे तुकडे पुन्हा दोन-तीन पाण्यांतून काढावेत. हे तुकडे मीठ व हळद घातलेल्या पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावे.

पुढे तेलात जिरे, हिंग, बडीशेप आणि आधी भिजवलेल्या मेथीदाण्यांची फोडणी करून त्यात तुकडे, लाल तिखट, धनेपूड, थोड्या मनुका आणि शेवटी आमचूर किंवा कैरीच्या फोडी घालाव्यात. मराठवाड्यात आमचूर नसेल तेथे चिंचेचा कोळ चालतो. माझ्या मते तो ज्वारीच्या भाकरीबरोबर अधिक जुळतो. ही भाजी वाटीभर तोंडी लावायची असते, पोळीबरोबर ताटभर खायची नव्हे. हिवाळ्यात कणकेत हा गर मळून, ती तुपात खरपूस भाजून डिंक व गूळ घालून लाडूही करतात, पण मधुमेह्यांसाठी ते नाहीत हे वेगळे सांगायला नको.

सिस्टर (लातूर):
आपल्या मुलीच्या गालावरील चट्टे बहुधा चिकामुळेच आलेले असावेत, कारण पान तोडताक्षणी चेहऱ्यावर चोळले की गराच्या आधी चीकच लागतो. त्वचा शांत होईपर्यंत काहीही लावू नये, आणि चट्टे वाढले किंवा सूज आली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पुढे वापरायचे ठरवल्यास धुतलेला गर आधी कोपराच्या आतील बाजूस थोडासा लावून एक दिवस वाट पाहावी, कारण काहींना खुद्द गराचीही ॲलर्जी असते.

गराने उन्हाने तापलेल्या त्वचेला थंडावा मिळतो हे खरे आहे आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत तो हवाहवासा वाटतो. मात्र त्याने ऊन अडत नाही, त्यामुळे सनस्क्रीनऐवजी तो लावून शेतात किंवा बसस्टँडवर तासभर उभे राहणे व्यर्थ आहे. गर वाळला की त्वचा ताणल्यासारखी होते, म्हणून कोरड्या त्वचेच्या व्यक्तींनी त्यावर साधे खोबरेल किंवा मॉइश्चरायझर लावावे. केसांच्या बाबतीत कोंडा व टाळूची खाज काहीशी कमी होऊ शकते, परंतु टक्कल भरून येते ही जाहिरात आहे.

भाजल्याच्या जखमेबद्दल आग्रहाने लिहिते. तव्याचा चटका किंवा वाफ लागली तर प्रथम वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली भाग धरावा, टूथपेस्ट आणि शाई यांपैकी काहीही लावू नये. त्यानंतर कातडी अखंड असेल तर स्वच्छ गर लावण्यास हरकत नाही, आणि अशा वरवरच्या भाजण्यात तो जखम लवकर भरून येण्यास मदत करतो असे काही अभ्यासांत दिसलेही आहे. मोठा फोड, फुटलेली कातडी, चेहरा किंवा लहान मूल असेल तर कोरफडीचा विचार न करता थेट रुग्णालय गाठावे.

माळरान (धाराशिव):
एक सावधगिरीची सूचना. बांधावर कुंपणासाठी लावलेल्या घायपाताला अनेक जण, विशेषतः शहरातून आलेले पाहुणे, कोरफड समजतात. घायपाताची पाने ताठ व निळसर-करडी असतात, टोकाला काळा टणक काटा असतो आणि पान मोडले की दोरासारखे वाख निघतात. त्याच्या रसाने अंगाला भयंकर खाज सुटते व फोडही येतात. कोरफडीचे पान मांसल असते व त्यात वाख नसतात.

रोपांविषयी म्हणाल तर ही वनस्पती रात्री पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रे, उघडून कार्बन डायऑक्साइड घेते व दिवसा ती मिटून ठेवते, म्हणून आपल्या अवर्षणातही टिकते. तिला मारते ते पाणी साचणारी काळी चिकण माती. मुरूम किंवा वाळू मिसळावी, कुंडीला भोक असावे आणि माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यावे. जास्तीची पिल्ले विकण्याच्या किंवा एकरभर लावण्याच्या विचारात कोणी असेल तर आधी खरेदीदाराशी लेखी करार करावा, कारण पान जड असते, कापल्यावर त्यावर लवकर प्रक्रिया करावी लागते आणि लांबच्या कारखान्यापर्यंतचे भाडेच नफा खाऊन टाकते.

दुधनाकाठ (परभणी):
सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना खलबत्ता यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांनी तूर्त भाजीवर समाधान मानले आहे. तीही डॉक्टरांना विचारूनच करणार आहोत. बाजारातील बाटलीबंद रस घेतला तर चालेल का, आणि काढलेला गर किती दिवस टिकतो?

खलबत्ता (छत्रपती संभाजीनगर):
बाटलीवर ‘आतील गराचा रस’ आहे की ‘अख्ख्या पानाचा’ हे आधी पाहावे. अख्ख्या पानाचा असल्यास ॲलोइन काढलेले आहे, म्हणजे सक्रिय कोळशातून गाळून रंगहीन केलेले आहे, असा स्पष्ट उल्लेख असला पाहिजे. तो नसेल तर घेऊ नये. साखरेचे प्रमाणही वाचावे, कारण कित्येक ‘आरोग्यदायी’ रसांत ती बरीच असते. सासूबाईंच्या बाबतीत गोळ्यांचा प्रश्न बाटलीमुळे सुटत नाही, त्यांनी तीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. घरी काढलेला गर झाकून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, रंग गुलाबी-तपकिरी झाला किंवा वास आला तर टाकून द्यावा. पान रोपावर असेपर्यंत उत्तम टिकते, त्यामुळे लागेल तेव्हा एकेकच कापावे.