घडीचं पार्टिशन: तुमचा अनुभव सांगा

टिळकवाडीत भाड्याचं घर, दोनच खोल्या. मुलगा दहावीला आणि सासऱ्यांना सातच्या बातम्या हव्यातच. भिंत घालायला मालक तयार नाहीत, म्हणून घडीचं पार्टिशन केलं. 8 बाय 4 ची 12 मिमी प्लाय आणली. दुकानातच उभे तीन तुकडे पाडून घेतले, प्रत्येकी साधारण 16 इंच रुंद, उंची 6 फूट. इथवर सगळं झकास.

मग मी हौसेनं सगळ्या बिजागऱ्या एकाच अंगाला ठोकल्या. मिटायला गेले तर पहिली फळी मधलीवर बसली आणि तिसरी तिच्यावर आपटून तिरकीच राहिली! बिजागरी ज्या अंगाला, घडी त्याच अंगाला, हे तेव्हा कळलं. एका जोडाची पुढून, दुसऱ्याची मागून लावायची. त्यात स्क्रू पाऊण इंची, म्हणजे पलीकडून टोकं बाहेर. सासूबाईंचं लुगडं अडकलं, मग काय, दिवसभर ऐकून घेतलं. 10 मिमीचे आणून पुन्हा बसवले. तुम्ही कसं केलंत?

खानापूरहून : आमच्याकडचा पाऊस ठाऊक आहेच. स्वस्त पडतं म्हणून एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) घेतलं. श्रावण येईस्तोवर खालची कड पावासारखी फुगली. आता प्लाय आहे. कापलेल्या कडांना दोन हात प्रायमर आणि खाली खुर्चीला लावतात ती रबरी बुचं. ओली फरशी पुसली तरी फळीला पाणी लागत नाही.

निपाणी : सुतारकाम जमत नाही बघा. एक इंची पीव्हीसी पाईप, कोपऱ्यांना एल्बो, डकवायला सोल्युशन. तीन चौकटी केल्या, केबल टायनं सैलसर बांधल्या, आईच्या जुन्या साड्या ताणून शिवल्या. पंखा पाचवर केला की सगळंच आडवं! खालच्या आडव्या पाईपात वाळू भरली, तेव्हा जागेवर राहिलं. डकवायच्या आधी भरा, मी नंतर भोक पाडून चहाच्या चमच्यानं भरली.

वडगाव : जुन्या घराची सागवानी दारं होती, तीच जोडली. देखणं झालंय, पण हलवायला दोघं लागतात. म्हणून हलवतच नाही.

धागाकर्ती : निपाणीकर, पाईप मोहात पाडताहेत. पण आमच्याकडे मांजर आहे. साडी किती दिवस टिकेल?