पाठ केलेले लिक्स वाजवणं ही उपज कशी?

मागाशेजारी
घर सोलापुरात, अशोक चौकाच्या मागं. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात, त्यामुळे मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) हेडफोनमधूनच ऐकावा लागतो. सात-आठ वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, दोन वर्षांपासून बीबॉपच्या, म्हणजे वेगवान जॅझच्या, नादी लागलोय. सगळे सांगतात तसंच केलं. डी मायनर सेवन, जी सेवन, सी मेजर सेवन या तीन कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) चालीवरचे चाळीस लिक्स, म्हणजे सुरांचे छोटे तयार तुकडे, पाठ केले, बाराही पट्ट्यांत. झोपेतून उठवलं तरी वाजवेन.

मागच्या महिन्यात हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्यात एका जॅमला, म्हणजे जॅझवाल्यांच्या एकत्र वाजवायच्या बैठकीला, गेलो. पहिला लिक चपखल बसला. दुसरा अर्धी मात्रा उशिरा सुटला आणि मग थांबवताच येईना. कॉर्ड सीवर पोचली तरी मी जीमध्येच. स्नेहसंमेलनात भाषण विसरलेला पोरगा पुन्हा ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’पासून सुरू करतो ना, तसंच झालं. ड्रमर मान खाली घालून हसला, ते दिसलं मला.

माझं मत : शिकणाऱ्यानं लिक्स पाठ करूच नयेत. कॉर्डचे स्वर घोटावेत, मग जे सुचेल ते वाजवावं. पाठ केलेलं वाजवून त्याला उपज म्हणणं ही फसवणूक आहे. बोला.

पक्का_पाठ
पायाशी झांज तर आली नाही ना? मग थोडक्यात सुटलात. १९३६ साली कॅन्सस सिटीत शाळकरी वयाच्या सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या पायाशी ड्रमर जो जोन्सनं झांज फेकली होती, तीही भर जॅममध्ये. पुढच्या उन्हाळ्यात पोरगा सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगच्या रेकॉर्डी घेऊन बसला आणि त्याचे सोलो घोटले. तुमच्या हिशेबानं पार्करही फसवाच.

गिटारचं उदाहरण हवं तर वेस माँटगोमेरी. नोटेशन वाचता येत नव्हतं. आधीचा गिटारवाला चार्ली ख्रिश्चन, त्याचे सोलो रेकॉर्डवरून उचलले आणि क्लबात पहिलं काम मिळालं ते तेच सोलो जसेच्या तसे वाजवायचं. आपल्याकडं गुरूकडं पहिली दोन वर्षं काय चालतं? पलटे. तानासुद्धा गुरूच्याच. तिथं कुणी फसवणूक म्हणत नाही. चूक लिक्सची नाही, चाळीसची आहे. चारच घ्या आणि त्यांचं भरीत करा.

मागाशेजारी
वेसची गोष्ट अर्धीच सांगितलीत. ख्रिश्चनचा सोलो वाजवून झाला की तो गप्प बसायचा, कारण पुढं वाजवायला स्वतःचं काही नव्हतं. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे! शिवाय त्यानं कानानं उचललं होतं, मी पीडीएफवरून.

पक्का_पाठ
मग भांडण पीडीएफशी आहे. पाठांतराला कशाला झोडपताय?

काळी_दोन
मी पेटीवाली. मुलगा गिटारवर हेच करतो, म्हणून रोज कानावर पडतं. एक गोष्ट सरगममध्ये सांगते, वाजवून बघा.

सीला सा धरा. जी सेवन म्हणजे प नी रे म. आता पंचमापासून सरळ खाली या, मात्रेला दोन स्वर : प म, ग रे, सा नी, ध प. ठोक्यावर कोण कोण आलं? प, ग, सा, ध. पंचम सोडला तर सगळे परके पाहुणे, घरचे बिचारे दोन ठोक्यांमधल्या फटीत. आता पंचमानंतर एक तीव्र मध्यम घाला : प तीव्र-म, म ग, रे सा, नी ध. ठोक्यावर प, म, रे, नी. अख्खी कॉर्ड! बीबॉपचं आठ स्वरांचं सप्तक म्हणतात ते हेच. (आठ स्वरांना सप्तक म्हटलेलं आमच्या बाईंनी ऐकून घेतलं नसतं.) दोन मध्यम लागोपाठ आले म्हणून दचकू नका, ललतातही येतातच की.

मुलाच्या वहीतले दहा-बारा लिक्स तपासले तर निम्म्यांत हाच उतार निघाला. कुठं सुरुवात वेगळी, कुठं शेवटी निषादाला वरून सा आणि खालून कोमल नी लावून घेराव. आणि तुमची ती पुण्यातली अर्धी मात्रा : उशिरा सुटलात तर तीव्र मध्यम गाळा. प फटीत पडेल, पण म, रे, नी आपसूक ठोक्यावर येतील. लिक थांबवायची गरजच नाही.

मागाशेजारी
आत्ता गिटार काढून वाजवलं. प उशिरा घेतला, तीव्र म गाळला, म बरोबर ठोक्यावर. ताई, दंडवत! पण बघा, हे लिक पाठ करून कळलं नाही, स्वर मोजून कळलं. मी तेच म्हणत होतो.

पक्का_पाठ
वहीत दहा-बारा लिक्स होते म्हणून त्यांना त्यात उतार सापडला. रिकाम्या वहीत काय सापडलं असतं?

बाळ्याचा_बास
सरगम छान आहे, पण एका पट्टीतल्या चालीपुरती. पार्करनं १९४५ मध्ये रेकॉर्ड केलेलं ‘को-को’ ऐका. कॉर्ड ‘चेरोकी’ या जुन्या गाण्याच्या, आणि ‘चेरोकी’च्या मधल्या भागात पट्टी एकामागून एक बदलत जाते. त्या वेगात तुमचा सा कुठं ठेवणार? तिथं बोटात बसलेलंच वाजतं.

दुसरं, एवढं बोलणं झालं आणि लयीचं नाव कुणी काढलं नाही. पुण्यातल्या त्या ड्रमरला हसू आलं असेल ते लयीमुळं. गिटारवाल्याचा पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) खाली जाणारा फटका ठोक्यावर येतो, म्हणून जोरही ठोक्यावरच पडतो आणि बीबॉपची लेझीम होते. जोर बऱ्याचदा फटीतल्या स्वरावर हवा. शिवाय सावकाश लयीत जोडीतला पहिला स्वर लांब, दुसरा आखूड; लय वाढेल तसा तो फरक मिटत जातो. पीडीएफमध्ये यातलं काही लिहिलेलं नसतं. मेट्रोनोम साठवर ठेवा आणि त्याचा टिक दुसऱ्या नि चौथ्या मात्रेचा आहे असं धरून वाजवा. पहिल्या दिवशी घाम फुटेल, सोलापूरचा मे महिना परवडला.

अजून एक. सॅक्सोफोनवाल्याला श्वास घ्यावा लागतो, म्हणून त्याचं वाक्य संपतं. गिटारवाल्याला कोण थांबवणार? गात वाजवा. दम संपला की वाक्य संपलं.

काळी_दोन
सा हलवायचा, दुसरं काय! पेटीवाल्यांचा जन्म पट्टी बदलण्यात जातो. वेगाचं मात्र मान्य. तिथं मोजत बसलं की गाडी सुटलीच.

खारे_शेंगदाणे
काय करलालास बे! तीव्र मध्यम गाळा नाहीतर लोणच्यात घाला, सोलापुरात वाजवणार कुणासमोर? हळदीत ‘को-को’ वाजवला तर नवरदेव मांडव सोडून पळून जाईल. वीस वर्षं ऑर्केस्ट्रात काढली, कुणी म्हणालं नाही की सोलो लांबव. तार तुटली तर पुण्याहून येईस्तोवर थांबायचं, आणि हे चाललेत बीबॉप करायला.

पक्का_पाठ
काका, ऑर्केस्ट्राला नावं ठेवू नका. मुंबईच्या ताजमध्ये जॅझ वाजवणारी मंडळीच पुढं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसली. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट आपल्या सी. रामचंद्रांबरोबर होता, १९५१ च्या ‘अलबेला’त तर बँडसकट पडद्यावरही दिसतो. तुम्ही लग्नात जी गाणी वाजवता त्यांच्या मधल्या तुकड्यांत ते सगळं मुरलेलं आहे.

खारे_शेंगदाणे
ते तुकडे मी नोट टू नोट वाजवतो. पाठ आहेत.

मागाशेजारी
झालं, पक्का_पाठ यांना अजून एक मत मिळालं!
बासवाल्या दादांचं ऐकून काल रात्री बसलो. मेट्रोनोम बंद केला आणि शेजारच्या मागाचा खटका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरला. दहा मिनिटांत तीनदा उलटा पडलो, पहिल्या-तिसऱ्यावर. माग मात्र एकदाही चुकला नाही. गात वाजवायला गेलो तर चाळीसपैकी फक्त सहा लिक्स गाता आले. बाकीचे चौतीस बोटांना माहीत होते, मला नव्हते. पाठांतराबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण ते सहा मी टाकणार नाही.

रविवारी संध्याकाळी घरी या सगळे. एकच नियम, आधी गाऊन दाखवायचं, मगच वाजवायचं.

पक्का_पाठ
येतो. चार आणतो, चारही गातो. आणि ते पाठच केलेले असतील, हे आधीच सांगून ठेवतो.

काळी_दोन
पेटी आणू का? मुलगा रिक्षात घेऊन बसेल.

खारे_शेंगदाणे
मी रिदम धरतो बे, मला सोलो मागायचा नाही. पण माग बंद असतील तेव्हाची वेळ सांग, त्या खडखडाटात काय ऐकू येणार?

बाळ्याचा_बास
बंद नको. मग दोन-चार कोण देणार?