माल न पाठवणाऱ्या विक्रेत्याशी पत्रव्यवहार किती काळ चालवावा?

काटेकोर (चर्चेचा प्रस्ताव)

संगणकाचे सुटे भाग दूरच्या विक्रेत्याकडून मागवून फसलेल्यांच्या तक्रारी वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते. तक्रारीचा बहुतेक भाग विक्रेत्याला कितीदा लिहिले, त्याने काय उत्तर दिले आणि मग कोणते नवे आश्वासन दिले, याच हकिगतीने भरलेला असतो. आणि ही हकिगत संपेपर्यंत पैसे परत मागण्याची मुदत उलटून गेलेली असते. माझे मत स्पष्ट आहे. सांगितलेल्या तारखेला माल निघाला नाही आणि पहिल्या लेखी विचारणेला नेमके उत्तर आले नाही, तर विक्रेत्याशी बोलणे तिथेच थांबवावे आणि ज्या मार्गाने पैसे दिले त्या मार्गाकडे, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेकडे किंवा पैसे मध्ये राखून ठेवणाऱ्या संकेतस्थळाकडे, रीतसर दावा दाखल करावा.

चालढकल हे अशा विक्रेत्याचे मुख्य हत्यार असते, कारण घड्याळ त्याच्या बाजूने चालते. मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत न मिळालेल्या मालाच्या दाव्यासाठी सर्वसाधारणपणे १२० दिवसांची मुदत असते, तर अनेक विक्री-संकेतस्थळांवर ती याहून बरीच कमी असते. बेभरवशाच्या विक्रेत्याला हे गिऱ्हाइकापेक्षा चांगले ठाऊक असते, म्हणून त्याची उत्तरे ठरावीक क्रमाने येतात: आधी माल वाटेत असतो, मग तो वितरकाकडेच अडकलेला निघतो, मग पुढच्या आठवड्यात नक्की निघणार असतो. सर्वांत घातक उत्तर शेवटी येते. परतावा मंजूर झाला आहे, फक्त आपण केलेली तक्रार तेवढी मागे घ्यावी, असे त्यात अगदी नम्रपणे सुचवलेले असते. मागे घेतलेली तक्रार पुन्हा उघडण्याची सोय अनेक ठिकाणी नसते, आणि ती मागे घेतली की त्या नम्र माणसाची उत्तरे येणे बंद होते.

कायद्यानेही ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७५ साली टपालाने होणाऱ्या विक्रीसाठी केलेल्या नियमानुसार, विक्रेत्याने सांगितलेल्या मुदतीत आणि मुदत सांगितली नसल्यास ३० दिवसांत माल रवाना करायचा असतो; ते जमणार नसेल तर विलंबाला संमती देणे किंवा मागणी रद्द करून पैसे परत घेणे यांपैकी निवड करण्याची संधी त्याने आपणहून गिऱ्हाइकाला द्यायची असते. म्हणजे विचारणा करण्याचे ओझे विक्रेत्यावर आहे. आपण मात्र तगाद्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतो आणि वर आपल्या संयमाचे कौतुक करतो.

गोदामवाला

काटेकोर यांचे निदान अर्धे बरोबर आहे, पण त्यांचा उपचार रोगापेक्षा कठोर आहे. मी अनेक वर्षे विक्रीच्या दुसऱ्या बाजूला काम केले आहे आणि उशीर म्हणजे लबाडी हे समीकरण मला मान्य नाही. लहान विक्रेता प्रत्येक मदरबोर्ड स्वतःच्या गोदामात ठेवत नाही. तो वितरकाच्या साठ्याच्या यादीवर विसंबून मागणी स्वीकारतो, आणि ती यादी प्रत्यक्ष साठ्याच्या काही तास, कधीकधी दिवसभर, मागे असते. नवे ग्राफिक्स कार्ड बाजारात येते त्या दिवशी तर यादीवरचा आकडा वाचेपर्यंत खोटा ठरतो. अशा वेळी त्याच्याकडे ठाम तारीख नसते; आणि खोटी तारीख देण्यापेक्षा मोघम उत्तर देणारा विक्रेता माझ्या मते तुलनेने प्रामाणिक असतो.

शिवाय बँकेमार्फत पैसे उलटवण्याची किंमत विक्रेता कशी मोजतो, तेही लक्षात घ्यावे. मूळ रक्कम जाते, वर प्रत्येक दाव्यामागे दंडासारखे शुल्क लागते आणि दावा विक्रेत्याने जिंकला तरी ते शुल्क बहुधा परत मिळत नाही. एकूण व्यवहारांत अशा दाव्यांचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास पोहोचले की कार्डाने पैसे घेण्याची सोयच धोक्यात येते. ज्याची दुकानदारी लहान, त्याला हा एक टक्का गाठायला मोजके उतावीळ गिऱ्हाईक पुरतात. खरा ठग मात्र नाव बदलून दुसऱ्या दिवशी नव्या खात्याने उभा राहतो. म्हणजे काटेकोर यांची काठी ज्याच्या पाठीत बसायला हवी त्याच्या बसतच नाही.

आणि लबाडी एकाच बाजूने होते असेही नाही. नव्या कार्डाच्या खोक्यात आपले जुने, बिघडलेले कार्ड घालून ते ‘सदोष’ म्हणून परत पाठवणारे महाभाग मी पाहिले आहेत. म्हणूनच आता विक्रेते पाठवण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक टिपून ठेवतात. माझी सूचना इतकीच आहे की, दाव्याआधी एक पत्र लिहावे. त्यात मागणीचा क्रमांक, दिलेली तारीख आणि उत्तरासाठी सात दिवसांची मुदत असावी. एवढ्याने निम्म्याहून अधिक प्रकरणे मिटतात, असा माझा अनुभव आहे.

जुना भिडू

आपण दोघेही न आलेल्या मालाबद्दल भांडत आहात, आणि तो प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण माल आला की नाही हे आंधळ्यालाही कळते. अवघड प्रश्न आलेल्या मालाचा आहे. पार्सल वेळेवर येते, खोके कोरे करकरीत दिसते, गिऱ्हाईक समाधानाने चांगला शेरा देऊन टाकतो, आणि आपल्या तोंडाला पाने पुसली गेली आहेत हे त्याला चार-सहा महिन्यांनी कळते.

बनावट क्षमतेच्या पेन ड्राइव्हचे आणि मेमरी कार्डाचे उदाहरण घ्या. त्यातील नियंत्रक चिपच्या प्रणालीत फेरफार केलेला असतो, त्यामुळे संगणकाला क्षमता ५१२ गिगाबाइट दिसते आणि आत प्रत्यक्षात ३२ असते. पहिल्या काही फायली नीट उतरतात. खरी जागा संपली की पुढचे लिखाण एक तर हवेत विरते किंवा आधीच्या माहितीवरच चढते, आणि कुठलाही त्रुटीसंदेश येत नाही. फायलींची नावे यादीत जशीच्या तशी दिसत राहतात. यावर उपाय एकच आहे: संपूर्ण क्षमता भरेपर्यंत लिहायचे आणि मग सगळे परत वाचून ताडायचे. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि एफ-थ्री ही विनामूल्य साधने नेमके तेच करतात. त्याला रात्रभर लागला तरी चालेल, पण चांगला शेरा द्यायचा तो त्यानंतर.

हार्ड डिस्कची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. डिस्क किती तास चालली याची नोंद तिच्या ‘स्मार्ट’ माहितीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्यात, असते आणि वाकबगार माणसे ती पुसून शून्यावर आणतात. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेट या कंपनीच्या अनेक वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा हीच नोंद स्वच्छ केलेली होती. परंतु सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक अंतर्गत नोंदवही असते आणि तिच्यात हजारो तासांचा वापर तसाच राहिलेला होता. स्मार्ट-सीटीएल या साधनाच्या अलीकडच्या आवृत्त्या दोन्ही नोंदी दाखवतात. एकीकडे शून्य तास आणि दुसरीकडे वीस हजार असे आकडे शेजारी-शेजारी उभे राहिले, की विक्रेत्याला फारसे प्रश्न विचारावे लागत नाहीत. डिस्कचा अनुक्रमांक निर्मात्याच्या संकेतस्थळावर टाकून हमी तपासणेही तितकेच महत्त्वाचे, कारण संगणक बनवणाऱ्या कंपनीला घाऊक दिलेली डिस्क सुटी विकली गेली असेल, तर वस्तू अस्सल असूनही निर्माता हमी नाकारतो.

ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीतही जुन्या चिपवर नवे नाव चढवण्याचा धंदा इतका बोकाळला होता की, कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या परिचित साधनाला २०१८ मध्ये बनावट कार्ड ओळखण्याची सोय करावी लागली.

गोदामवाला यांच्या सात दिवसांच्या पत्राला माझी हरकत नाही. पण ते पत्र ‘माल कुठे आहे’ असे न विचारता ‘या दोन नोंदींत तफावत का आहे’ असे विचारणारे असेल, तर त्याला वजन येते.

अवकाळी

मला तिघांशीही असहमती नोंदवायची आहे. संगणकाचा एखादा भाग विकत घेण्यासाठी माणसाने बँकेचे नियम पाठ करावेत, रात्र-रात्र डिस्क भरून पाहावी आणि अंतर्गत नोंदवह्या वाचाव्यात, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे. ज्याला हे सगळे जमते तो सहसा फसत नाही. जो फसतो त्याला हे जमत नसते. अशा माणसाला स्मार्ट-सीटीएल चालवायला सांगणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय.

शिवाय दोष नेहमी विक्रेत्याच्याच माथी मारला जातो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील काही डिस्क, ज्या घरगुती साठवण-यंत्रांसाठी म्हणून विकल्या जात होत्या, एकावर एक चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिण्याच्या संथ पद्धतीच्या निघाल्या आणि निर्मात्याने हे माहितीपत्रकात लिहिलेलेच नव्हते. २०२१ मध्ये काही नामांकित कंपन्यांनी तेच मॉडेल-नाव कायम ठेवून एसएसडीच्या, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या, आतील चिप बदलल्याचे परीक्षकांनी दाखवून दिले. हा माल पाठवणाऱ्या दुकानदाराने काय लपवले होते? त्याने खोक्यावरचे नाव वाचले आणि तेच पाठवले. अशा ठिकाणी बँकेचा दावा चालत नाही आणि सात दिवसांचे पत्रही चालत नाही. तिथे उपयोगी पडतो तो कारण न सांगता माल परत करण्याचा हक्क. युरोपीय संघात दूरविक्रीने घेतलेल्या मालासाठी तो १४ दिवसांचा आहे, आणि तसा हक्क सर्वत्र असावा, या मागणीवर खरे तर चर्चा व्हायला हवी.

गोदामवाला

अवकाळी यांना एकच विचारतो. कारण न सांगता परत आलेला प्रोसेसर किंवा मदरबोर्ड विक्रेत्याने पुढे कोणाला विकायचा? प्रोसेसरच्या खोबणीतील हजाराहून अधिक बारीक पिनांपैकी एक जरी वाकली असली तरी बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि ती आधीच वाकलेली होती की गिऱ्हाइकाने बसवताना वाकवली हे कोणीही सांगू शकत नाही. असे परत आलेले बोर्डच पुन्हा नव्या वेष्टनात घालून विकले जातात, आणि बेभरवशाचा विक्रेता तयार होतो तो इथेच. विनाअट परतीचा खर्च कोणीतरी सोसतोच; बहुधा पुढचे गिऱ्हाईक.

जुना भिडू

पिनांचे सांगता येते. बोर्ड हातात आल्याबरोबर, प्रोसेसर बसवण्यापूर्वी, खोबणीवरचे प्लॅस्टिकचे झाकण काढावे, दिवा बाजूने तिरका धरावा आणि छायाचित्र घ्यावे. सरळ पिनांवरचा प्रकाश एकसारख्या ओळींत चमकतो आणि वाकलेली पीन त्या ओळीत लगेच उठून दिसते. ते झाकण फेकू नये, कारण अनेक निर्माते त्याशिवाय बोर्ड परत घेत नाहीत. पार्सल उघडण्याआधी कुरिअरच्या चिठ्ठीवरचे वजनही टिपून घ्यावे. मोठे ग्राफिक्स कार्ड एक-दीड किलोचे असते, त्यामुळे चिठ्ठीवर तीनशे ग्रॅम लिहिलेले असेल तर खोके कोणासमोर आणि कसे उघडायचे याचा विचार आधीच करता येतो. यासाठी उंटावर बसावे लागत नाही.

काटेकोर

गोदामवाला यांच्या पत्राबद्दल. सात दिवसांची मुदत देणारे एक पत्र लिहायला माझा विरोध कधीच नव्हता. मी पहिल्या लेखी विचारणेचा उल्लेख केलाच आहे. माझा विरोध दुसऱ्या, तिसऱ्या आणि पुढच्या पत्रांना आहे. लहान विक्रेत्याला दाव्याचा फटका मोठा बसतो हे खरे, पण त्याचा उपाय त्याच्याच हातात आहे: माल रवाना होईपर्यंत कार्डावरची रक्कम केवळ राखून ठेवावी, कापून घेऊ नये. वितरकाच्या यादीवर विसंबून मागणी घेण्याचा धोका विक्रेत्याने पत्करलेला असतो. मग त्या धोक्याचे भांडवल गिऱ्हाइकाने का पुरवायचे? पैसे आधी घ्यायचे, माल नंतर शोधायचा आणि गिऱ्हाइकाने बँकेत धाव घेतली की त्याला उतावीळ म्हणायचे, हे मला पटत नाही.

ग्राहकांच्या शेऱ्यांबद्दलही एक सावधगिरी सांगतो. वर्षानुवर्षे मोबाइलची आवरणे विकून मिळवलेले उत्तम शेरे असलेले खाते अचानक महागडी ग्राफिक्स कार्डे निम्म्या किमतीत विकू लागले, तर ते खाते बहुधा चोरीला गेलेले किंवा विकलेले असते. शेऱ्यांची संख्या पाहण्याऐवजी शेरे कोणत्या वस्तूंवर मिळाले ते पाहावे. असा विक्रेता थेट खात्यात पैसे भरण्याचा आग्रह धरू लागला, तर व्यवहार तिथेच सोडावा. थेट भरलेले पैसे परत आणण्याचा मार्ग जवळपास नसतोच.

गोदामवाला

रक्कम राखून ठेवण्याची कल्पना कागदावर छान आहे. परंतु कार्डावर राखलेली रक्कम बँक साधारण आठवडाभरातच मोकळी करते, आणि वितरकाकडून माल यायला तीन आठवडे लागले तर तोवर गिऱ्हाइकाच्या खात्यात ती शिल्लक असेलच असे नाही. त्याच्यासाठी मागवलेला माल मग माझ्या गळ्यात पडतो. निम्मी रक्कम आगाऊ आणि निम्मी माल निघताना, अशी तडजोड मी मान्य करीन.

काटेकोर

तीन आठवडे लागणार हे मागणी घेतानाच लेखी सांगितले असेल, तर निम्मी रक्कम आगाऊ द्यायला माझी हरकत नाही. ते सांगितले नसेल, तर निम्म्या रकमेसाठीही मी आठव्या दिवशी बँकेला लिहीन.